उपजत मृत्यूची नोंद

पोटातच दगावलेल्या बाळाची नोंद मृत्यूच्या रजिस्टरात होत नाही. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार मृत्यू जिवंत जन्मलेल्याचाच. उपजत मृत्यू मात्र ‘जन्म’ याच व्याख्येत मोडतो. त्यामुळे बाळाने एकदा जरी श्वास घेतला असेल, तर जन्म आणि मृत्यू अशा दोन नोंदी होतात. घेतला नसेल आणि जिवंतपणाची दुसरी कोणतीही खूण नसेल, तर एकच. गर्भ किमान २८ आठवड्यांचा असावा लागतो. त्याआधीच्या गर्भपाताची इथे नोंद होत नाही.

वर्दी २१ दिवसांत द्यायची. प्रसूती दवाखान्यात झाली तर ती जबाबदारी तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्याची, घरी झाली तर कुटुंबप्रमुखाची. त्यासाठी नमुना ३ हा वेगळा फॉर्म आहे. त्यात तारीख, बाळाचे लिंग, आईवडिलांची नावे, प्रसूतीचे ठिकाण, गर्भ किती आठवड्यांचा होता आणि माहीत असल्यास मृत्यूचे कारण लिहितात. बाळाच्या नावाचा रकाना नाही. घरात नाव ठरलेले असले तरी ते कागदावर येत नाही, आणि हे आईबापांना बहुधा फॉर्म भरतानाच कळते.

नोकरदार आईसाठी एक बाब महत्त्वाची: २०२५ पर्यंत लागू असलेल्या मातृत्व लाभ अधिनियम, १९६१ मध्ये ‘मूल’ या शब्दात मृत जन्मलेले मूलही येत असे. म्हणजे तिला प्रसूतीची रजा लागू होत असे, गर्भपाताची सहा आठवड्यांची नव्हे.