जावरचं जस्त आणि डोळ्यांतला सुरमा

उदयपूरच्या दक्षिणेला सुमारे ४० किलोमीटरवर, अरवलीच्या डोंगरांत जावर नावाचं जुनं खाणींचं गाव आहे. तिथल्या जुन्या भिंतींत दगडांच्या जोडीला मातीच्या भाजलेल्या मुशी रचलेल्या दिसतात. वांग्याच्या आकाराच्या या मुशी जस्त गाळायच्या भट्ट्यांतल्या. वापरून टाकलेल्या मुशींचे ढीग आजही तिथे पडून आहेत.

या डोंगरांतला डोलोमाइट खडक दीडशे कोटी वर्षांहून जुना आहे. तेव्हा इथे उथळ समुद्र होता. तळाशी चुनखडीसारखा गाळ साचत होता आणि जमिनीखालचं गरम, खारट पाणी धातू विरघळवून वर आणत होतं. गंधकाशी गाठ पडली की धातू खडकात बसत. पुढे डोंगर उभे राहताना थर दुमडले, तडकले आणि खनिज त्या भेगांतही साचलं. त्यातली दोन खनिजं महत्त्वाची. तपकिरी स्फॅलेराइट जस्ताचं, तर राखाडी, चमकदार, हाताला जड लागणारं गॅलेना शिशाचं. गॅलेना फोडलं की चौकोनी तुकडे पडतात. दोघं बहुधा एकत्रच सापडतात.

शिसं काढणं सोपं. जस्त मात्र ९०७ अंश सेल्सिअसला उकळतं, आणि खनिजातून धातू सुटायला त्याहून जास्त उष्णता लागते. म्हणजे ते निघतं तेच वाफ होऊन, आणि हवा लागताच जळून जातं. जावरच्या कारागिरांनी मुशी उलट्या ठेवल्या, एका भट्टीत ३६. वरून आग, आणि वाफ नळीतून खाली थंड भांड्यात. युरोपात विल्यम चॅम्पियनने जस्त गाळण्याचं पेटंट घेतलं ते १७३८ साली. जावरच्या भट्ट्या त्याच्या कित्येक शतकं आधीच्या. अबुल फजलनेही आईन-ए-अकबरीत नोंदवलंय की जस्ताचा उल्लेख हकीमांच्या ग्रंथांत नाही, पण अजमेर सुभ्यातल्या जालोर भागात त्याची खाण आहे. आपल्या उदगीरपासून जवळच असलेल्या बीदरची बिदरी भांडी याच धातूची. जस्तात थोडं तांबं, वर चांदीचं जडावकाम.

त्याच खडकातलं दुसरं खनिज, गॅलेना, आपल्या घरात वेगळ्याच वाटेने येतं. ते जावरचंच असेल असं नाही, कुठल्याही खाणीतलं गॅलेना सारखंच. हदीसमध्ये ज्याचा उल्लेख आहे तो इस्मिद. त्याचा अर्थ बहुतेक जाणकार अँटिमनीचं खनिज असा करतात. पण अनेक देशांत बाजारातला सुरमा तपासला तेव्हा पुष्कळ नमुन्यांत निघालं ते गॅलेना, ज्याच्या वजनात ८६ टक्के शिसं असतं. दोन्ही दगड काळसर, दोन्ही चमकदार. नाव मात्र एकच, सुरमा.

आपल्याकडे चाळीस दिवसांच्या बाळालाही सुरमा लावतात, कुठे कुठे नाळेच्या जागीही. मूल डोळे चोळतं, बोटं तोंडात घालतं. शिवाय अश्रूंची नळी नाकातून घशात उतरते. पोटात गेलेलं शिसं मुलांच्या अंगात मोठ्यांच्या चार-पाच पट शोषलं जातं. त्याने रक्त कमी होतं, बुद्धीची वाढ खुंटते, आणि बाहेरून बराच काळ काही दिसतही नाही. शिशाची अमुक इतकी मात्रा चालेल, अशी सुरक्षित मर्यादाच जागतिक आरोग्य संघटना मानत नाही.

गुलाबपाण्यात महिनाभर खलला की सुरमा शुद्ध होतो, असं दादी-नानी सांगतात. खलल्याने तो बारीक होतो, शिसं तितकंच राहतं. रंगावरून किंवा किमतीवरूनही ते ओळखता येत नाही. बाळाला सुरमा लावत आला असाल तर तो थांबवा आणि डॉक्टरांना रक्तातलं शिसं तपासायला सांगा. जाताना डबी सोबत न्या.