किंग जॉर्ज, सैनिक स्कूल आणि देहरादून : बेळगावातून पाहिलेल्या सैनिकी शाळा

आमच्या मंडळाच्या पानावर मी सहसा किल्ल्यांचे बुरूज, जुनी धरणं, पूल यांच्याबद्दल लिहितो. पंचवीसेक वर्षं बांधकाम खात्यात काढलेला माणूस, त्यामुळे भिंत कशी उभी राहिली हे आधी दिसतं आणि ती कुणी उभी केली हे मागाहून. या वेळचा विषय भिंतींचा नाही. तो घरातून आला.

गेल्या वर्षी माझी भाची मुलाला घेऊन खानापूरहून आली. मुलगा पाचवीत, साडेअकरा वर्षांचा, धावण्यात पटाईत, गणितात बरा. ती म्हणाली, ‘मामा, तुम्ही इतिहासवाले, जरा सांगा बघू. आमचं कुठंच झालं नाही.’ चौकशी केल्यावर कळलं की एका क्लासवाल्यानं तिला सांगितलं होतं, मिलिटरी स्कूल म्हणजेच सैनिक स्कूल, एक फॉर्म भरला की सगळं झालं. तिनं तो एक फॉर्म भरला आणि पहिली पसंती सातारा दिली. खानापूरहून सातारा जवळ, भाषा आपली, पाहुणे तिकडचे. यात तिची चूक म्हणाल तर काहीच नाही. पण साताऱ्याच्या हिशेबात तिचा मुलगा परराज्यातला निघाला, आणि घरापासून तासाभराच्या अंतरावर असलेल्या बेळगावच्या मिलिटरी स्कूलचा फॉर्म वेगळा असतो हे तिला मुदत संपल्यावर समजलं.

ही गफलत एकट्या तिची नाही. ग्वाल्हेरला एका लग्नात ‘आमच्या किल्ल्यावरचं सैनिक स्कूल’ असं कौतुक मी ऐकलं आहे. किल्ल्यावर आहे ते सिंदिया स्कूल. 1897 साली मराठा सरदारांच्या मुलांसाठी सरदार स्कूल म्हणून ते सुरू झालं आणि पुढे 1933 मध्ये पब्लिक स्कूल झालं. शिस्त कडक, पण सैन्याशी त्याचा कारभाराचा संबंध नाही. इंदूरच्या डेली कॉलेजचंही तेच. तेव्हा नावावर जाऊ नये, शाळा कुणाच्या मुलांसाठी काढली होती ते पाहावं. प्रवेशाचे आजचे नियम बहुतेक तिथूनच आलेले आहेत.

सुरुवात देहरादूनपासून करावी लागते. पहिल्या महायुद्धानंतर हिंदी मुलांना सँडहर्स्टला घेऊन बादशाही कमिशन देण्याचं ठरलं. पण तिथं इंग्रजी पब्लिक स्कूलमधून आलेल्या मुलांपुढे आपली मुलं टिकायची कशी? म्हणून 13 मार्च 1922 रोजी प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते देहरादूनला रॉयल इंडियन मिलिटरी कॉलेज सुरू झालं. जागा कर्झनच्या काळातल्या इंपीरियल कॅडेट कोरची. म्हणजे संस्थानिकांच्या राजपुत्रांचा तळ होता तिथंच भावी अधिकाऱ्यांची शाळा आली. जनरल थिमय्या इथले आणि जनरल गोपाळ गुरुनाथ बेवूरही इथले. फाळणीनंतर सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना इथले माजी विद्यार्थी समोरासमोर होते. आज त्याचं नाव राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेज. मुलं मोजकी, अडीचशेच्या आसपास. प्रवेश फक्त आठवीत, वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत. जागा राज्यवार वाटलेल्या असतात आणि बहुतेक राज्यांच्या वाट्याला एका खेपेला एखाददुसरीच येते. परीक्षेचा फॉर्मही आपापल्या राज्याच्या परीक्षा केंद्राकडून भरायचा असतो. पेपर इंग्रजी, गणित आणि सामान्यज्ञानाचे, त्यानंतर तोंडी आणि वैद्यकीय तपासणी. मराठीत पेपर नाही. मराठी माध्यमातल्या मुलाची इथं इंग्रजीच्या पेपरात दमछाक होते, हे आधीच सांगून ठेवतो.

आता बेळगाव. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण ही आमच्या घरातली गोष्ट.

देहरादून होतं अधिकाऱ्यांसाठी. पण महायुद्धात मेले ते जवान. त्यांच्या मुलांचं काय? त्याच काळात पंजाबात जालंधर आणि झेलम इथं जवानांच्या मुलांसाठी किंग जॉर्जच्या नावानं शाळा निघाल्या आणि 1925 मध्ये चालू झाल्या. अजमेरची 1930 मध्ये आली. दुसरं महायुद्ध संपता संपता, 1945 साली बेळगावची, आणि लगेच 1946 मध्ये बंगळूरची. बेळगाव का, याचं उत्तर शोधायला लांब जायला नको. 1922 पासून मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथं आहे. भरती इथं होते, पेन्शनर इथंच घर बांधून राहतात. पोरांची शाळाही इथंच हवी.

हेतू साधा होता. मुलाला शिकवायचं, कवायत घ्यायची आणि बापाच्याच पलटणीत पाठवायचं. चांगला निघाला तर सुभेदारापर्यंत जाईल. अधिकारी होण्याचा रस्ता देहरादूनचा आणि जवान होण्याचा रस्ता बेळगावचा, असे सरळ दोन जिने होते. 1952 मध्ये या शाळा पब्लिक स्कूलच्या धर्तीवर बदलल्या आणि अधिकाऱ्यांच्या व नागरिकांच्या मुलांनाही दार उघडलं, तेव्हा कुठे हा दुसरा जिना वरच्या मजल्याला जोडला गेला. झेलमची शाळा पाकिस्तानात राहिली. जालंधरची आधी नौगावला आणि मग 1960 मध्ये चैलला गेली. 1962 मध्ये धौलपूरची भर पडली. किंग जॉर्जचं नाव साठच्या दशकात गेलं, ‘मिलिटरी स्कूल’ राहिलं, आणि 2007 पासून त्याला ‘राष्ट्रीय’ लागलं. अशा आज पाच शाळा आहेत: चैल, अजमेर, बेळगाव, बंगळूर, धौलपूर. थेट संरक्षण मंत्रालयाच्या, राज्य सरकारचा त्यात हात नाही.

माझे वडील मराठा सेंटरमधून हवालदार म्हणून निवृत्त झाले. थोरल्या भावाला त्यांनी याच शाळेत घातलं, जवानाच्या मुलाच्या जागेवर. सत्तरच्या दशकात सरकारी कागदावर ‘किंग जॉर्ज’ नव्हतं, पण वडील आणि त्यांचे पेन्शनर मित्र शेवटपर्यंत ‘किंग जॉर्ज’च म्हणत. शाळा घरापासून सायकलच्या अंतरावर, पण भाऊ घरी यायचा तो सुट्टीतच. आई सणाला करंज्या करायची आणि त्याच्या वाटच्या डब्यात घालून ठेवायची. त्या मऊ पडायच्या आणि मग मला मिळायच्या. त्या करंज्यांमुळे मला ती शाळा बरेच दिवस फार आवडायची. भाऊ पुढे एन.डी.ए.ची लेखी पास झाला, मुलाखत मंडळात राहिला. बँकेत गेला आणि अधिकारी म्हणून निवृत्त झाला. अजून पहाटे पाचला उठतो आणि चादरीची घडी अशी घालतो की कडा मोजून घ्यावी.

हे मुद्दाम सांगतो. या कुठल्याही शाळेतून थेट सैन्यात जाता येत नाही. एन.डी.ए.ची लेखी परीक्षा लोकसेवा आयोगाची आणि तिच्यानंतर निवड मंडळाची मुलाखत, ही चाळणी सगळ्यांना सारखीच. शाळा तयारी करून घेते, जागा राखून ठेवत नाही. ‘एकदा आत गेला की ऑफिसर झाला’ असं सांगणारा क्लासवाला भेटला, तर त्याच्याकडून ते लिहून मागा.

बेळगावच्या शाळेत बहुतांश जागा आजही सैनिकांच्या मुलांसाठी आहेत आणि नागरिकांच्या वाट्याला थोड्या. पण त्या थोड्या जागांत राज्य विचारत नाहीत. खानापूरचा मुलगा, कोल्हापूरचा मुलगा, डिचोलीचा मुलगा, तिघे एकाच रांगेत. सीमाभागातल्या माणसाला ही किती मोठी गोष्ट आहे हे वेगळं सांगायला नको. गोव्यात सैनिक स्कूल नाही, त्यामुळे तिकडच्या मंडळींनाही हीच शाळा जवळची. प्रवेश सहावीत आणि नववीत. सहावीसाठी 31 मार्चला वय 10 ते 12, नववीसाठी 13 ते 15. अलीकडे मुलींनाही घेतात.

तिसरा प्रकार सैनिक स्कूल, आणि तो स्वतंत्र भारताचा. देहरादूनला मोजकी मुलं, किंग जॉर्जमध्ये जवानांची मुलं. मग शेतकऱ्याच्या, मास्तरच्या मुलानं अधिकारी व्हायचं तर कुठून? अधिकारीवर्ग ठरावीक प्रांतांतून आणि ठरावीक घरांतून येत होता. हा असमतोल मोडायचा म्हणून संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्या काळात ही योजना आली, आणि देशातलं पहिलं सैनिक स्कूल 23 जून 1961 रोजी साताऱ्याला सुरू झालं. हवाई दलप्रमुख झालेले प्रदीप वसंत नाईक इथलेच. 2015 मध्ये कुपवाड्यात कामी आलेले कर्नल संतोष महाडिकही इथलेच.

या योजनेचा आराखडा मला इंजिनिअर म्हणून आवडतो. केंद्रानं लष्करी अधिकारी द्यायचे, राज्यानं जमीन, इमारत आणि शिष्यवृत्त्या. राज्यांनी मग हाताशी होतं ते दिलं. रेव्याला राजघराण्याचा वाडा, कोरुकोंड्याला विजयनगरमच्या महाराजांचा महाल. गुजरातचं सैनिक स्कूल जामनगरजवळ बालाचडीला आहे, जिथं दुसऱ्या महायुद्धात जामसाहेबांनी पोलंडच्या निर्वासित मुलांना आसरा दिला होता. बडोद्याची आपली मंडळी मुलं पाहायला जातात तेव्हा तिथलं पोलिश मुलांचं स्मारक जरूर पाहावं.

पण ज्याचा पैसा त्याचा हक्क. इमारत राज्याची म्हणून 67 टक्के जागा त्या राज्याच्या रहिवाशांना आणि 33 टक्के बाकीच्या सगळ्या देशाला. आमचं दुखणं इथं आहे. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव ज्या बाजूला गेलं, त्याची किंमत पाचवीतल्या पोराला परीक्षेच्या निकालात मोजावी लागते. सातारा त्याला ‘परराज्य’. त्याचं ‘स्वराज्य’ म्हणजे 1963 चं विजापूर आणि 2007 चं कोडगू. हैदराबादकर मराठी मंडळींची तऱ्हा आणखी वेगळी. आंध्रची जुनी सैनिक स्कूल 2014 च्या विभाजनात आंध्रातच राहिली.

रहिवासी दाखल्याचं हे गणित भाचीला कुणी समजावलं नव्हतं. विजापूरला पहिली पसंती दिली असती तर तेच गुण वेगळे ठरू शकले असते. आणि एक गोष्ट तर तिला माहीतच नव्हती. सैनिक स्कूलच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेचा पेपर तेरा भाषांत असतो आणि त्यात मराठी आहे. कर्नाटकात राहून, विजापूरसाठी, पेपर मराठीत देता येतो. 300 गुणांत 150 एकट्या गणिताला. नववीचा पेपर मात्र फक्त इंग्रजीत, आणि आत गेल्यावर शिक्षण इंग्रजीतच.

खाजगी सैनिकी शाळांचा इतिहासही जुना आहे. पुण्याची श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूल 1932 ची, नाशिकची भोसला मिलिटरी स्कूल 1937 ची, डॉ. बा. शि. मुंजे यांनी काढलेली. ‘लढाऊ जमाती’ नावाच्या इंग्रजी कल्पनेला दिलेलं ते एक उत्तर होतं. आपल्या शेजारी कित्तूरला मुलींसाठी राणी चन्नम्मांच्या नावाची निवासी सैनिक शाळा 1969 पासून आहे. मुलींना एन.डी.ए.चं दार 2022 मध्ये उघडलं. त्याआधीची पन्नासेक वर्षं कित्तूरच्या मुली पहाटे कवायत करत होत्या, हे नोंदवून ठेवावंसं वाटतं. महाराष्ट्रात गेल्या शतकाच्या अखेरीस जिल्ह्याजिल्ह्यांत अनुदानित सैनिकी शाळा निघाल्या. त्यांचा दर्जा सारखा नाही, जाऊन पाहिल्याशिवाय ठरवू नये. 2021 पासून भागीदारीतली नवी सैनिक स्कूलंही आली आहेत. चालू शाळेलाच सैनिक स्कूल सोसायटीची मान्यता मिळते. सहावीच्या किमान 40 टक्के जागा प्रवेश परीक्षेतून, बाकीच्या त्याच शाळेच्या मुलांतून. संगोळ्ळीची रायण्णा सैनिक शाळा या यादीत आहे. तिथं जाताना मैदान किती, वसतिगृहात कोण राहतं आणि लष्कराकडून आलेला माणूस कोण आहे, एवढं विचारून घ्यावं.

मी भाचीला काय सांगितलं? सहावीचं दोन्हीकडचं वय निघून गेलं होतं, पुढच्या मार्चमध्ये मुलगा साडेबारा. देहरादूनला साडेअकरा ते तेरा चालतं, म्हणजे एक खेप होती. ती देऊन बघ, पण तिच्यावर घर बांधू नकोस. खरी तयारी नववीची कर. बेळगाव पहिलं, कारण तिथं राज्य विचारत नाहीत. विजापूर दुसरं. रहिवासी दाखला आत्ताच काढून ठेव. फॉर्म दोन, परीक्षा दोन, तारखा वेगळ्या. आणि मुलगा डोळ्यांना चष्मा लावणार असेल तर आधी डॉक्टरला दाखव, वैद्यकीय तपासणीत शेवटी गळण्यापेक्षा ते बरं.

देहरादूनचं झालं नाही. इंग्रजीत गेला, अपेक्षेप्रमाणेच. आता दर रविवारी तो खानापूरहून येतो, माझ्या भावाकडे इंग्रजी वाचतो आणि माझ्याकडे भूमिती सोडवतो. भाऊ त्याला चादरीची घडी शिकवतो आहे. भूमितीपेक्षा ती त्याला लवकर जमली.