साथीचें गणित आणि उपनगरांची आगगाडी

साथ आली कीं लोक तिला दैवाचा घाला म्हणतात. परंतु तिच्या चढउतारालाहि हिशेब असतो, आणि त्या हिशेबाचें गाजलेलें उदाहरण मुंबईचेंच आहे. १८९६ सालीं मांडवी भागांत डॉ. व्हिएगस यांनीं प्लेग ओळखला. पुढें तो वर्षानुवर्षें परतत राहिला. डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळांतील मृत्यूंचे आठवड्यागणिक आंकडे घेऊन केर्मॅक व मॅकेन्ड्रिक यांनीं १९२७ सालीं आपलें सूत्र पडताळलें. त्याप्रमाणें मृत्यूंची रेषा सतराव्या आठवड्यांत ८९० पर्यंत चढते व मग उतरते; प्रत्यक्ष आंकडे तिला लागूनच चालतात.

कल्पना साधी आहे. लोकसंख्येचे तीन गट करावयाचे: ज्यांना रोग होऊं शकेल ते, ज्यांना झाला आहे ते, आणि जे बरे होऊन वा मरण पावून हिशेबाबाहेर गेले ते. एक रोगी आरंभीं दोघांस रोग देतो असें धरा. पहिल्या गटांत निम्मेच लोक उरले म्हणजे एकामागें एकच नवा रोगी होतो, आणि तेथून उतार लागतो. सरपण विरळ झालें कीं वणवा विझतो, झाडें शिल्लक असलीं तरी!

मात्र या सूत्रांत सारें शहर एकाच पातेल्यांत ढवळलेलें मानलें आहे. (प्लेग मूळचा उंदरांचा, ही अडचण सूत्रकर्त्यांसहि ठाऊक होती.) उपनगरांत तर ही समजूत मुळींच टिकत नाहीं. नकाशावर बोरिवली आणि मुलुंड यांच्यामध्यें राष्ट्रीय उद्यानाचें रान तेवढें आहे. पण लोकलनें जाणाऱ्यास दादरचा वळसा पडतो. साथीचा रस्ता नकाशावरचा नसून प्रवाशांचा असतो. २०१४ सालीं मेट्रो सुरू झाली तेव्हां घाटकोपर एकदम अंधेरीच्या शेजारीं येऊन बसलें.

म्हणून प्रत्येक विभागाचे तीन गट निराळे मांडतात, आणि कोठून कोठें रोज किती माणसें जातात याचें कोष्टक त्यांना जोडतात. कोष्टकांतील आंकडा कमी केला कीं दूरच्या विभागांत साथ उशिरां पोंचते. पोंचल्यावर तिची वाढ तेथील दाटीवर ठरते. गाड्या थांबवून मिळतो तो अवधि, आणि त्याची किंमत मोठी असते. मार्च २०२० मध्यें बंद झालेली लोकल सर्वसामान्यांना फेब्रुवारी २०२१ मध्यें, तीहि ठराविक वेळांपुरती, खुली झाली. कोष्टकांतील तो एक आंकडा म्हणजे कोणाची तरी रोजी होती.

त्याच काळांत टाटा मूलभूत संशोधन संस्था व बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनीं गणकयंत्रांत घरें, शाळा, कचेऱ्या आणि लोकल यांसह मुंबई उभी केली, व झोपडपट्टीचा हिशेब वेगळा ठेवला. तो ठेवणें किती अवश्य होतें हें जुलै २०२० च्या रक्ततपासणींत दिसलें. दहिसर, चेंबूर व माटुंगा हे भाग असलेल्या तीन प्रभागांत झोपडपट्टीतील शेंकडा ५७ लोकांना, तर बाहेरच्या वस्तींतील अवघ्या १६ जणांना लागण होऊन गेली होती. दोहोंची सरासरी काढली असती तर ती एकाहि वस्तीला लागू पडली नसती. लोकल बंद असतांनाहि गल्लींतील सामाईक नळ आणि शौचालय चालूच होतीं.