निवडसूची, संगणकीय

संगणकाच्या पडद्यावर आज्ञांची, कार्यक्रमांची किंवा फोल्डरांची नावे ओळीने दाखवून त्यांतून हवे ते निवडण्याची सोय करणाऱ्या यादीस निवडसूची किंवा मेनू असे म्हणतात. ही यादी संगणकाच्या प्रचालन प्रणालीकडून पुरविली जाते [⟶ संगणक]. तिची मूळ मांडणी निर्मात्याने सर्वसाधारण वापर गृहीत धरून केलेली असते. त्यामुळे एखाद्या व्यक्तीला रोज लागणारा फोल्डर तीत बहुधा नसतो. आपल्या फोल्डरांकडे नेणारे शॉर्टकट निवडसूचीत घालून ही उणीव दूर करता येते. शॉर्टकट म्हणजे मूळ फोल्डर नव्हे किंवा त्याची प्रतही नव्हे. फोल्डर कोठे आहे, हे सांगणारी ती एक छोटी फाइल असते.

इतिहास : वैयक्तिक संगणकांच्या आरंभीच्या काळात आज्ञा कळफलकावरून टंकित करून द्याव्या लागत व त्या पाठ असणे आवश्यक असे. झेरॉक्स कंपनीच्या पॅलो ॲल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ मध्ये तयार झालेल्या ॲल्टो या संगणकात चित्रमय पडदा व माउस यांचा एकत्र वापर करण्यात आला. ॲपल कंपनीच्या लिसा (१९८३) व मॅकिंटॉश (१९८४) या संगणकांमुळे पडद्याच्या वरच्या कडेपासून खाली उघडणाऱ्या निवडसूची लोकांच्या परिचयाच्या झाल्या. मॅकिंटॉशच्या ‘सिस्टिम ७’ या आवृत्तीत (१९९१) एका ठराविक फोल्डरात ठेवलेली कोणतीही वस्तू निवडसूचीत आपोआप दिसू लागली. मूळ वस्तूकडे निर्देश करणारी ‘एलिअस’ ही सोयही याच आवृत्तीत आली. मायक्रोसॉफ्टच्या ‘विंडोज ९५’ मध्ये (१९९५) ‘स्टार्ट’ ही निवडसूची आणि शॉर्टकट हे दोन्ही अंतर्भूत होते. ‘विंडोज ८’ मध्ये (२०१२) या निवडसूचीऐवजी पडदाभर चौकटींची मांडणी आली. तथापि ‘विंडोज १०’ मध्ये (२०१५) निवडसूची पुन्हा देण्यात आली.

घडण : ‘स्टार्ट’ निवडसूचीमागे चकतीवरील साधे फोल्डर असतात. त्यांपैकी एक त्या संगणकाच्या सर्व वापरकर्त्यांसाठी समाईक, तर दुसरा प्रत्येकाचा स्वतंत्र असतो. म्हणून एकाच संगणकावर काम करणाऱ्या दोन व्यक्तींना आपापल्या खात्यात वेगवेगळी निवडसूची ठेवता येते. ‘विंडोज १०’ व ‘विंडोज ११’ यांत फोल्डरावर माउसचे उजवे बटण दाबून ‘पिन टू स्टार्ट’ हा पर्याय निवडला असता तो फोल्डर निवडसूचीत दिसू लागतो. लिनक्सवर आधारलेल्या अनेक प्रणालींत निवडसूचीतील प्रत्येक नोंद ही एक लहान मजकूर-फाइल असते व ती साध्या संपादकातही बदलता येते.

वर्गीकरणातील उपयोग : शॉर्टकटांमुळे केवळ वेळ वाचतो असे नाही, तर एकाच माहितीचे दुसरे वर्गीकरणही करता येते. उदा., भंडारा जिल्ह्याची माहिती सात तालुक्यांच्या सात फोल्डरांत ठेवली व प्रत्येकात धान, तलाव, शाळा असे पोटफोल्डर केले, तर ही मांडणी स्थलानुसार होते. परंतु माजी मालगुजारी तलावांचा अभ्यास करणाऱ्यास सातही तालुक्यांतील तलावांची माहिती एकत्र हवी असते. मूळ फोल्डर न हलविता त्या सात पोटफोल्डरांचे शॉर्टकट एका गटात ठेवले, की विषयानुसार दुसरी मांडणी तयार होते. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला. त्यापूर्वीची आकडेवारी अविभक्त भंडारा जिल्ह्याची आहे. अशी माहिती एकाच ठिकाणी ठेवून दोन्ही जिल्ह्यांच्या गटांतून तिचा निर्देश केल्यास तिच्या दोन प्रती होत नाहीत आणि एकीत दुरुस्ती व दुसरीत जुनीच चूक, असा प्रसंगही येत नाही.

लिपी व क्रम : निवडसूचीतील नावे बहुधा वर्णक्रमाने लागतात व हा क्रम लिपीनुसार बदलतो. वरील तालुक्यांची नावे देवनागरीत लिहिल्यास तुमसर, पवनी, भंडारा, मोहाडी, लाखनी, लाखांदूर, साकोली असा क्रम लागतो. तीच रोमन लिपीत लिहिल्यास भंडारा प्रथम व तुमसर शेवटी येते आणि लाखांदूर लाखनीच्या आधी जाते. ठराविक क्रम हवा असल्यास नावांपूर्वी ०१, ०२ असे अंक लिहितात. युनिकोड या संकेतप्रणालीत देवनागरीचा समावेश १९९१ पासून आहे आणि ‘विंडोज २०००’ पासून फोल्डरांना मराठी नावे देणे सुलभ झाले. सी-डॅक या संस्थेने डेबियन लिनक्सच्या आधारे तयार केलेल्या ‘बॉस’ या भारतीय प्रचालन प्रणालीत (२००७) मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय करण्यात आली.

दक्षता : शॉर्टकट काढून टाकल्याने मूळ फोल्डरास धक्का लागत नाही. याउलट, शॉर्टकट ही प्रत आहे असे समजून मूळ फोल्डर काढून टाकल्यास माहिती नष्ट होते व शॉर्टकट निरुपयोगी ठरतो. पेनड्राइव्हवर केवळ शॉर्टकट उतरवून घेतल्यास दुसऱ्या संगणकावर काहीच उघडत नाही. जुना संगणक मोडीत काढल्यानंतर ही गोष्ट लक्षात आली, तर अनेक वर्षांचे काम गमावण्याची वेळ येते. मूळ फोल्डराचे स्थान किंवा नाव बदलल्यास विंडोज त्याचा शोध घेण्याचा प्रयत्न करते, परंतु त्यास नेहमीच यश येते असे नाही. काही घातक कार्यक्रम पेनड्राइव्हवरील खरे फोल्डर लपवून त्यांच्याच नावांचे शॉर्टकट पुढे करतात. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या ‘स्टक्सनेट’ या कार्यक्रमाने विंडोजच्या शॉर्टकट हाताळण्यातील दोषाचाच उपयोग करून घेतला होता. म्हणून शॉर्टकटांची मांडणी कितीही सोयीची असली, तरी मूळ फोल्डरांची स्वतंत्र प्रत दुसऱ्या साधनावर नियमितपणे ठेवणे आवश्यक असते.