घोटभर पाण्याचा हिशोब

इसवी सन २५० च्या सुमारास रोमन साम्राज्यात एक साथ शिरली आणि थांबत, पुन्हा उसळत, जवळजवळ २० वर्षं छळत राहिली. ती ऐन भरात असताना एका दिवसात ५,००० माणसं दगावली, असं एका जुन्या चरित्रग्रंथात लिहिलं आहे. आकडा फुगवलेला असू शकतो. रोज ५,००० या वेगाने दहा लाखांचं रोम शहर २०० दिवसांत ओस पडलं असतं.

अलेक्झांड्रियाचा आकडा जास्त भरवशाचा आहे. तिथले बिशप डायोनिसियस एका पत्रात लिहितात की, सरकारी धान्याच्या यादीत पूर्वी ४० ते ७० वयाची जेवढी माणसं असत, तेवढीही आता १४ ते ८० वयाची मिळून भरत नाहीत. या एका नोंदीवरून इतिहासकार काइल हार्पर यांनी अंदाज बांधला की सुमारे ५,००,००० वस्तीचं शहर १,९०,००० वर आलं असावं. मेलेले आणि पळून गेलेले धरून शंभरातले ६२ नाहीसे झाले.

रोग कोणता, यावर आजही एकमत नाही. लक्षणं मात्र कार्थेजचे बिशप सिप्रियन यांनी लिहून ठेवली आहेत: न थांबणारे जुलाब, उलट्या, घशात आग, रक्ताळलेले डोळे. वाचलेल्यांपैकी कुणाचे पाय लुळे पडत, कुणाची नजर जाई. डायोनिसियस सांगतात की घरचेच लोक अर्धमेल्या माणसाला रस्त्यावर टाकून पळत होते.

अशा वेळी आजाऱ्यांकडे गेलेले ख्रिस्ती त्या काळी किती होते? समाजशास्त्रज्ञ रॉडनी स्टार्क यांच्या अंदाजाने सहा कोटींच्या साम्राज्यात जेमतेम १२ लाख, म्हणजे शंभरात दोन. त्यात नुकताच, २५० साली, सम्राट डेसियसच्या हुकमाने त्यांचा छळ झालेला. तरीही सिप्रियन यांनी आपल्या लोकांना बजावलं की आपल्याच माणसांची शुश्रूषा केली तर त्यात विशेष काय? ज्यांनी आपल्याला छळलं त्यांच्याही दाराशी जा. आजाऱ्याची सेवा ती ख्रिस्ताचीच सेवा, ही शुभवर्तमानातली शिकवण त्यांनी शब्दशः घेतली. ज्याच्याजवळ पैसा होता त्याने पैसा दिला, नव्हता त्याने अंगमेहनत केली.

औषध कुणाकडेच नव्हतं. होतं ते पाणी, पेज, धुतलेलं अंथरूण आणि रात्री उशाशी बसणारं माणूस. एवढ्याने काय होणार?

गणित करून पाहू. १०,००० वस्तीच्या शहरात २०० ख्रिस्ती आहेत. नुसत्या शुश्रूषेने मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांवरून १० वर येऊ शकतं, असं स्टार्क धरतात. प्रत्येकाने पाच आजारी शेजाऱ्यांना पाणी पाजलं, तर १,००० जणांची काळजी घेतली जाते. त्यातले ३०० मेले असते, ते १०० मरतात. २०० माणसांनी स्वतःइतकीच, २०० माणसं वाचवली!

हे नुसतं कागदावरचं गणित वाटेल, पण १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव छावणीत पटकीने थैमान घातलं आणि सलाइन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून नातेवाइकांच्या हाती दिलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ वर आलं. तिसऱ्या शतकात हे मिश्रण माहीत नव्हतं आणि नुसत्या पाण्याने एवढा फरक पडत नाही. पण जुलाबांनी सुकत चाललेल्या माणसाला पाणी देणारा हात जीव राखू शकतो, याची कल्पना बनगावच्या आकड्यांतून येते.

या हिशोबात खर्चाची बाजूही आहे. डायोनिसियस लिहितात की ख्रिस्ती मंडळीतले उत्तम लोक, धर्मगुरू, सेवक, साधे विश्वासी, दुसऱ्याचं दुखणं अंगावर घेऊन मेले. प्रेताचे डोळे मिटणारे, त्याला आंघोळ घालून खांद्यावरून नेणारे थोड्याच दिवसांत स्वतः त्याच वाटेने गेले. ते जिवावर उदार झाले ते मरणाचं भय नव्हतं म्हणून नाही. मरणापलीकडे काही आहे, यावर त्यांची श्रद्धा होती.

ही सेवा साथीपुरती नव्हती. २५१ साली रोमची मंडळी १,५०० हून जास्त विधवा आणि गरजूंना पोसत होती. शंभर वर्षांनी, ३६२ च्या सुमारास, ख्रिस्ती धर्माचा विरोधक असलेला सम्राट ज्युलियन आपल्या पुरोहिताला लिहितो की हे लोक त्यांच्या गरिबांबरोबर आपल्याही गरिबांना सांभाळतात. मग त्यांच्यासारखीच मदत करता यावी म्हणून त्याने एकट्या गॅलेशिया प्रांतासाठी वर्षाला ३०,००० मापं गहू मंजूर केला. आजच्या हिशोबाने तो सुमारे २०० टन भरतो.

६२ टक्के माणसं गमावलेल्या शहरापुढे एक माणूस काय करणार, असं कुणालाही वाटेल. त्या लोकांनी अख्खं शहर वाचवायचं ठरवलंच नव्हतं. शेजारी तापाने फणफणला होता, म्हणून ते त्याच्याकडे गेले. वाचलेल्यांची संख्या त्यातूनच वाढत गेली, आणि पुढची साथ येईल तेव्हाही आपल्याला सुरुवात तिथूनच करावी लागेल.