नम्रता : वाकण्यातील मोठेपण



इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग बसविला आणि पुढे हे गाव वस्त्रनगरी झाले. मागावर ताण्यातील धागा तुटला, की विणकर माग थांबवितो, वाकतो, धागा सांधतो. मगच निर्दोष कापड विणले जाते. वाकल्याने त्याचे कसब उणे होत नाही.

स्वतःला तुच्छ लेखणे म्हणजे नम्रता नव्हे. योहानकृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात प्रभू येशू आपले गुरुपद नाकारीत नाही. तरीही तो शिष्यांचे पाय धुतो, त्याला धरून देणाऱ्या यहूदाचेही. २८ मार्च २०१३ रोजी, पवित्र गुरुवारी, पोप फ्रान्सिस यांनी रोममधील तुरुंगात बारा तरुण बंदिवानांपुढे गुडघे टेकून त्यांचे पाय धुतले.

गर्वालाही तुटलेला धागा दिसतो. पण तो दुसऱ्याने वाकण्याची वाट पाहतो. भावाभावांतील अबोला वर्षानुवर्षे टिकतो, तो त्यामुळेच. म्हणून पुढील पवित्र मिस्सापूर्वी आपण ज्याच्याशी बोलणे टाकले आहे, त्याच्या दारी प्रथम जाऊ या. समोरचा काय म्हणेल, हे आपल्या हाती नाही. वाकणे मात्र आहे.