गिटार निवडताना

मोठ्या सभागृहात शेवटच्या रांगेत बसलेल्या श्रोत्यापर्यंत वाद्याचा स्वर कसा पोहोचवावा, हा प्रश्न काही आजचा नव्हे. म्हैसूरच्या परिसरात वाढलेले थोर व्हायोलिनवादक टी. चौडय्या यांनाही तो पडला होता. मैफलींना गर्दी वाढत होती, ध्वनिवर्धकाची सोय मात्र सर्वत्र झालेली नव्हती. १९२७ च्या सुमारास त्यांनी आपल्या व्हायोलिनच्या चार तारांना आणखी तीन तारांची जोड दिली. सात तारांचे ते व्हायोलिन पुढे त्यांची ओळखच होऊन बसले. १९५७ साली त्यांना मद्रासच्या संगीत अकादमीची ‘संगीत कलानिधी’ ही पदवी मिळाली.

आज हाच प्रश्न एका लहानशा खटक्याने सुटतो असे वाटते. वाद्याला तार जोडावी, कळ फिरवावी, की झाले! परंतु हे वाटणे कितपत खरे आहे, याचा अनुभव आमच्या घरात नुकताच आला. तो वाचकांनाही उपयोगी पडेल, म्हणून येथे देत आहे.

बेळगावहून आमच्या भाचीचे पत्र आले. ती चौदा वर्षांची आहे आणि दोन वर्षे एका शिक्षकांकडे क्लासिकल गिटार शिकते आहे. आजवर तिने दुसऱ्याची गिटार वापरली. आता आजीने तिच्या नावे पोस्टात साठवलेले पैसे तिच्या हाती आले होते. ‘मामा,’ तिने लिहिले होते, ‘शाळेच्या संमेलनात मला तबला आणि पेटीबरोबर वाजवायचे आहे. माझी गिटार कोणालाच ऐकू जात नाही. मला वीज जोडता येणारी गिटार हवी. सुट्टीत म्हैसूरला येते, तेव्हा आपण घेऊ.’

आजीने ते पैसे कित्येक वर्षे थोडे थोडे करून बाजूला ठेवले होते. चुकीची वस्तू घेतली तर दुसरी घेण्याजोगी स्थिती नव्हती. म्हणून बाजारात जाण्यापूर्वी या वाद्याची थोडी माहिती करून घ्यावी, असे मी ठरविले.

वाद्याची ओळख

क्लासिकल गिटार म्हणजे नायलॉनच्या तारांची, पोकळ पेटीची, बोटांनी वाजवायची स्पॅनिश गिटार. पूर्वी तिच्या तारा जनावरांच्या आतड्यांपासून करीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्या दुर्मीळ झाल्या आणि न्यूयॉर्कच्या ऑल्बर्ट ऑगस्टीन यांनी नायलॉनच्या तारा प्रचारात आणल्या. आज या गिटारीचा जो आकार आपण पाहतो, तो मुख्यतः अंतोनियो दे तोरेस या एकोणिसाव्या शतकातील स्पॅनिश कारागिराने रूढ केला.

या तोरेसची एक गोष्ट प्रत्येक ग्राहकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. गिटारीचा आवाज मुख्यतः तिच्या पुढच्या फळीत, म्हणजे आपल्या सतारीच्या भाषेत तबलीत असतो, असे त्याचे मत होते. ते पटवून देण्यासाठी त्याने १८६२ साली एक गिटार केली. तिची तबली लाकडाची होती. पाठ व कडा मात्र कागदाच्या लगद्याच्या! ती गिटार आजही बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात जपून ठेवलेली आहे.

याचा अर्थ पाठीचे लाकूड निरुपयोगी असते, असा नव्हे. उत्तम गिटारींची पाठ बहुधा शिसवीची असते, आणि त्यात आपल्या देशाचाही वाटा आहे. ब्राझीलचे शिसवी लाकूड मिळेनासे होऊ लागले, तेव्हा १९६९ साली अमेरिकेच्या प्रसिद्ध मार्टिन कंपनीने आपल्या गिटारींसाठी भारतीय शिसवी स्वीकारली. हा वृक्ष दक्षिण भारताच्या वनांतला. म्हैसूरच्या कारागिरांनी त्यावर केलेले जडावकाम जगप्रसिद्ध आहे. भाची आली त्या दिवशी आम्ही राजवाड्यातील अंबाविलास दालनाचे हस्तिदंत जडविलेले शिसवी दार पाहिले. ‘हेच लाकूड गिटारीला?’ असे तिने नवलाने विचारले.

वीज कोठून येते?

विजेच्या गिटारीत तारांखाली लोहचुंबक बसविलेले असतात. पोलादी तार त्यांच्याजवळ कंप पावली की विद्युत्प्रवाह निर्माण होतो. नायलॉनवर चुंबकाचा काहीच परिणाम होत नाही. म्हणून क्लासिकल गिटारीत निराळी युक्ती योजतात. काही स्फटिकांवर दाब पडला असता वीज निर्माण होते, हा शोध ज्याक व प्येर क्यूरी या फ्रेंच बंधूंनी १८८० साली लावला. याच तत्त्वावर चालणारी एक बारीक पट्टी घोडीच्या ज्या हाडावर तारा टेकतात, त्याच्या खाली बसवितात. हाच तिचा ‘पिकअप’. तारेच्या कंपनाने पट्टीवरचा दाब बदलतो, त्यातून अतिशय क्षीण प्रवाह उत्पन्न होतो, आणि गिटारीच्या कडेला बसविलेले छोटे यंत्र नऊ व्होल्टच्या बॅटरीवर तो वाढवून ध्वनिवर्धकाकडे पाठविते.

ध्यानात घेण्याची गोष्ट ही की, पट्टी फक्त घोडीपाशी जे घडते तेच टिपते. पेटीत घुमणारा, हवेत पसरणारा भरदार नाद तिच्या वाट्याला थोडाच येतो. म्हणून अशा गिटारीचा ध्वनिवर्धकातून येणारा आवाज पुष्कळदा किंचित कोरडा व टोकदार वाटतो. जो गोडवा लाकडात नाही, तो या पट्टीतून यावयाचा नाही.

प्रथम तार न जोडता

सयाजीराव रस्त्याने आम्ही निघालो. पहिल्याच दुकानात एक चकचकीत गिटार दिसली. कडेला पाच-सहा कळा, सूर दाखविणारा दिवा, खांद्यापाशी कोरून काढलेला सुबक बाक. विक्रेत्याने लगेच ती ध्वनिवर्धकाला जोडली, त्यात भरपूर घुमारा मिसळला आणि दोन सुरावटी वाजवून दाखविल्या. भाचीचे डोळे चमकले. मी तार काढावयास सांगितली. तशी वाजविताच तो सारा घुमारा नाहीसा झाला आणि खोक्यावर ताणलेल्या दोऱ्यांसारखा आवाज उरला.

तंबोरा घ्यावयास मिरजेला जाणारी मराठी कुटुंबे सोबत जाणता माणूस नेतात. त्याचप्रमाणे गिटार घेतानाही शिक्षकांना न्यावे. ते शक्य नसेल तर पुढील गोष्टी घरचे कोणीही पाहू शकेल.

गिटारीच्या मधल्या गोल छिद्राची कड पाहावी. तबलीवरील लाकडाच्या रेषा कडेवरही सलग उतरलेल्या दिसल्या तर तबली अखंड लाकडाची आहे. कडेला थर दिसले तर ती प्लायवूडची. स्प्रूस लाकडाची तबली फिकट रंगाची असते व तिचा स्वर स्वच्छ, सुटसुटीत असतो. तांबूस सीडरचा स्वर अधिक ऊबदार वाटतो. यांत श्रेष्ठ-कनिष्ठ असे काही नाही. आपल्या कानाला रुचेल ते घ्यावे.

घोडीच्या मागच्या बाजूने वहीचे पान खाली सरकवून पाहावे. ते आत शिरले तर घोडी उचलली गेली आहे, असे समजून ती गिटार बाजूला ठेवावी. दांडी डोळ्यासमोर बंदुकीसारखी धरून ती पिळवटलेली नाही ना, हे पाहावे.

साधी फूटपट्टी बरोबर ठेवावी. क्लासिकल गिटारीच्या दांडीची वरच्या टोकाची रुंदी सुमारे ५२ मिलिमीटर असते. वीज जोडण्याच्या पुष्कळशा गिटारींत ती ४८ मिलिमीटरच्या आसपास ठेवतात. पोलादी तारांची सवय असलेल्यास ते सोयीचे वाटते. परंतु क्लासिकल पद्धतीने शिकणाऱ्याची बोटे तेथे एकमेकांत अडकतात. बाराव्या पडद्यावर तारेची उंची साधारण तीन ते चार मिलिमीटर असावी. फार उंच असल्यास बोटे दुखतात; फार खाली असल्यास तार पडद्यांवर खडखडते. तंबोऱ्याची जवारी हा त्याचा अलंकार होय. गिटारीची खडखड हा मात्र दोषच. म्हणून सहाही तारा प्रत्येक पडद्यावर एकदा तरी वाजवून पाहाव्यात. यास दहा मिनिटे लागतात. दुकानदार कंटाळला तरी आपण कंटाळू नये.

पुढची परीक्षा सुराची. बाराव्या पडद्याच्या बरोबर वर तारेला बोट हलकेच टेकवून छेडले असता घंटेसारखा स्वर निघतो. तेथेच तार दाबून वाजविलेला स्वर त्याच्याशी तंतोतंत जुळला पाहिजे. तारा जुन्या असल्यास नव्या चढविल्यावरच निर्णय घ्यावा. शेवटी वाद्य दुसऱ्याच्या हाती देऊन आपण दहा-बारा फुटांवर उभे राहावे, डोळे मिटावेत आणि एकच सुरावट दोन-तीन गिटारींवर ऐकावी.

मग तार जोडून

या परीक्षेत उतरलेली गिटारच ध्वनिवर्धकाला जोडावी. सर्व कळा मध्यावर ठेवाव्यात आणि घुमारा बंद करावयास सांगावे. सहाही तारा सारख्या जोराने छेडाव्यात. एखादी दबलेली वाटली तर पट्टीवर हाड नीट बसलेले नाही. तारेच्या जोडाला हळूच हलवून खरखर येते का, हे पाहावे. आवाज हळूहळू वाढवीत न्यावा. थोड्याच आवाजात ध्वनिवर्धक किंचाळू लागला तर सभागृहात तोच त्रास होईल. बॅटरी कोठून बदलावयाची, हेही विचारून घ्यावे. जोडलेली तार काढली नाही तर अनेक गिटारींत बॅटरी विनाकारण खर्च होत राहते, हे मुलांना सांगून ठेवणे बरे.

लहान मुलांसाठी पाऊण आकाराची गिटार मिळते. आणि एक सूचना सर्वांनाच: आवाज मोठा व्हावा म्हणून क्लासिकल गिटारीला पोलादी तारा कधीही चढवू नयेत. नायलॉनच्या सहा तारांचा एकूण ताण साधारण ४० किलो असतो, पोलादी तारांचा ७० किलोंच्या घरात जातो. त्या ओढीने घोडी उखडते.

आजीचे पैसे

तिसऱ्या दुकानात एक साधी, नक्षी नसलेली गिटार मिळाली. सीडरची अखंड तबली, शिसवीची पाठ, रुंदी बरोबर ५२ मिलिमीटर. भाचीने तिच्यावर एक छोटा धडा वाजविला आणि शेवटचा स्वर विरेपर्यंत ती बोलली नाही. पण त्या गिटारीला पिकअप नव्हता. त्याच नमुन्याची पिकअप असलेली गिटार आजीच्या पैशांत बसत नव्हती; पैशांत बसणारी होती ती पहिल्या दुकानातील चकचकीत गिटार.

‘मग संमेलनाचे काय, मामा?’ तिने विचारले. तिच्या स्वरातली निराशा मला कळत होती, आणि माझ्या सर्व माहितीचा तिला त्या क्षणी काही उपयोग नव्हता. मी तिला एवढेच सांगितले, की चांगल्या गिटारीला पिकअप पुढे केव्हाही बसविता येतो. कुशल कारागिराकडे ते काम फार मोठे नसते. उलट, पिकअप असलेल्या वाद्यात चांगली तबली मागाहून बसविता येत नाही. निर्णय मात्र तिच्यावर सोपविला.

ती बराच वेळ दोन्ही गिटारींमध्ये घुटमळली. अखेर तिने साधी गिटार उचलली.

संमेलनात तिच्यासमोर दांडीवरचा मायक्रोफोन ठेवला होता. तबल्यापुढे गिटार थोडी दबलीच; मागच्या रांगांना ती पुरती ऐकू गेली नाही, हे तिनेच प्रामाणिकपणे पत्रात कळविले. आजी दुसऱ्या रांगेत होती. घरी गेल्यावर तिने नातीला तेच पुन्हा वाजवावयास सांगितले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून सगळे ऐकले.

पिकअपसाठी आता एका डब्यात पैसे साठू लागले आहेत. पुढील संमेलनापर्यंत तो बसेल. मधल्या वर्षात रोज तासभर, कोणतीही तार न जोडता, ती त्या लाकडातून अधिक भरदार स्वर काढावयास शिकत आहे. चौडय्यांच्या व्हायोलिनची गोष्ट मी तिला लिहून पाठविली आहे. त्यांनी तीन तारा वाढविल्या खऱ्या. परंतु त्यापूर्वी चार तारांवर किती वर्षांची मेहनत झाली असेल, याचा हिशेब तिने स्वतःच करावा, एवढेच त्यात सुचविले आहे.